आखाजीले तुनी बारी

माझ्या पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, चवलीएवढा डाग आहे. लहानपणी मी कुत्र्याला फार भ्यायची. कुत्रं भुंकलं की माझी दातखीळ बसायची. पोरीच्या पोटात भ्याव शिरलं आहे, ते जाळून काढलं पाहिजे, असं मोठ्यांचं ठरलं आणि तापवलेल्या सळईने मला डागलं. हात काकाने धरले, डोकं आजीने मांडीत दाबलं, आणि पाय माझ्या आईने धरले. कुत्र्याची भीती गेली का, असं विचाराल तर गेली. त्यानंतर मला माणसांचीच इतकी भीती वाटायला लागली की कुत्र्यांकडे बघायला सवड उरली नाही.

आमच्या खानदेशात तेव्हा भ्यालेल्या पोराला हीच औषधं होती. आधी मिरचीची धुरी, त्याने नाही भागलं तर भगताचा मार, त्यानेही नाही भागलं तर डाग. काट्याने काटा काढावा म्हणतात, तसं भीतीने भीती काढायची. हे करणारी माणसं दुष्ट नव्हती. पोराला डागून झालं की तीच माणसं त्याला गूळ-खोबरं द्यायची आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायची. मला त्यांचा राग येतो तो त्यामुळेच जास्त येतो.

मला दिलं होतं शिंदखेड्याच्या बाजूला, नदीकाठच्या एका गावात. दुसरी मोठी लढाई लागायच्या आधीची काही वर्षं. घरात सासरे, आमचे हे, मी आणि आमची एकुलती एक मुलगी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, मीही मनातल्या मनात आबाच म्हणायची. मनातल्या मनात म्हणते, कारण त्यांच्यासमोर तोंड उघडायची सुनेला चाल नव्हती. काही हवं असेल तर मी भिंतीला सांगायची, मग ते भिंतीला उत्तर द्यायचे. आमच्या भिंतीइतकं संसाराचं ज्ञान गावात दुसऱ्या कोणाला नव्हतं.

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि अवदसा होती. चिंचेवर चढायची, पोरांना ढकलून द्यायची, आबांची तंबाखू लपवायची. ती चार-पाच वर्षांची असताना आमच्या गाईला एक गोऱ्हा झाला. तो झाल्यापासून दोघं एका ताटातली असल्यासारखी वाढली. ती त्याला आपल्या हातची भाकरी द्यायची, तो तिच्या पाठोपाठ नदीवर जायचा. पुढे गोऱ्हा अंगाने भरला. शिंग उगारायला लागला, सालदाराला त्याने एकदा कुडावर फेकलं, दावं तोडून कापसात शिरला. आबा म्हणाले, थंडी पडली की बडवू.

शहरातल्या वाचणाऱ्यांना बडवणं म्हणजे काय ते सांगावं लागेल. गोऱ्ह्याला औताला जुंपायचं तर त्याचा माज काढावा लागतो. त्याला दोरांनी आडवा पाडतात, चारी पाय बांधतात, मागच्या पायांमधला भाग मुसळावर घेतात आणि वरून लाकडाच्या मोगरीने नसा ठेचतात. मग हळद-तेल लावून सोडतात. महिन्याभरात तो बैल होतो. सगळीकडे असंच करतात, आणि करायला तर लागतंच. मी त्याबद्दल कोणाला बोल लावत नाही.

पण त्या दिवशी गोऱ्हा कोणाच्या हाताने खळ्यात येईना. दोन गडी त्याने लोळवले. तेव्हा आबांनी नातीला हाक मारली. ती त्याच्या गळ्याला हात घालून त्याला घेऊन आली. तो तिच्यामागे गुमान आला. तिला वाटलं, नवी झूल घालणार. चौघांनी दोर टाकले, तो धाडकन पडला, आणि आमचे हे त्याच्या मानेवर बसले. मुलगी त्याच्या तोंडापाशीच होती. पहिला घाव पडला तेव्हा त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी घरात भाकरी थापताना ऐकला आणि माझ्या हातातली भाकरी फाटली. मी दारात आले. मुलगी तिथेच उभी होती, तिच्या परकरावर त्याची लाळ आणि फेस उडाला होता. रडत नव्हती. आबा मोगरी उचलता उचलता तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तुले बी भलता माज ऊना शे. येती आखाजीले तुनी बारी."

म्हणजे, येत्या आखाजीला तुझी पाळी. सगळे गडी हसले. मी पदराआड हसले की नाही, आठवत नाही. आमच्याकडे पोरांशी बोलायची ही रीतच आहे. तुला बोहारणीकडून टोपलीभर कोंड्याला विकत घेतलं, तुझं नाक कापून मांजराला देतो, असं म्हटल्याशिवाय माया केल्यासारखं वाटतच नाही कोणाला. आबांचा तर त्यात हातखंडा होता.

त्यानंतर मुलगी सुधारली. हो, सगळ्यांनी तसंच म्हटलं. चिंचेवर चढायची थांबली. मोठ्याने हसेना. कोणी काही सांगितलं की लगेच उठायची. शेजारणी मला म्हणायच्या, "पोर कशी गरीब व्हयी गयी," आणि आपल्या पोरांना तिचं उदाहरण द्यायच्या. आबा खुशीत होते. मी पण थोडे दिवस खुशीत होते.

मग ती जेवेना. भाकरीचा तुकडा तोंडात धरून बसायची आणि कोणी बघत नसलं की कोंबड्यांना टाकायची. घरातली दावी नाहीशी व्हायला लागली. आज एक दोर सापडेना, उद्या दुसरा. मग मुसळ गेलं. सालदारावर आळ आला, त्याने देवाची शपथ घेतली. संध्याकाळी गडी वावरातून परत यायला लागले की ही कणगीच्या मागे जाऊन बसायची, आणि आमच्या ह्यांनी जवळ घेतलं तर अंग लाकडासारखं ताठ करायची. झोपेत ओरडायची. आणि दिवसातून कितीदा तरी एकच विचारायची, "आखाजीले आखो किती दिन शेत?" आखाजीला अजून किती दिवस आहेत?

आम्हाला वाटायचं, पोर झोक्यासाठी आसुसली आहे. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे पोरीबाळींचा सण. निंबाला झोके, घरात गौराई, सांजोऱ्या, आमरस. आबा तिला उत्तर द्यायचे, "ऊनी, आखाजी जवळच ऊनी." ती पांढरी पडायची. ते बघून आबा म्हणायचे, हिला बाहेरचं लागलंय.

धुरी दिली. शेजारच्या म्हातारीने निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या आणि माझ्या पोरीचं तोंड घोंगडीत धरलं. ती ओकली, काळीनिळी झाली, आणि बाहेर काढल्यावर पहिला प्रश्न आखाजीचाच विचारला. मग भगताकडे नेलं. त्याने निंबाच्या ओल्या डहाळीने तिला मारलं. "कोन शे तू? नाव सांग," तो विचारायचा आणि मारायचा. पोर आपलं नाव सांगायची, की आणखी मारायचा, कारण त्याला ते नाव नको होतं. शेवटी तिने मार चुकवायला गावात मेलेल्या एका बाईचं नाव घेतलं. भगताला फार समाधान वाटलं. त्याने कोंबडी घेतली आणि म्हणाला, झाडली. पाठीवरचे वळ मी हळदीने शेकत होते तेव्हा ती उताणी होईना, पोट दाखवेना. दोन्ही हात परकरावर घट्ट दाबून पडली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं आमचं चाललं होतं.

उन्हाळ्यात माझा भाऊ मला आखाजीसाठी माहेरी न्यायला गाडी घेऊन आला. पोर अशी, कशी जाणार? त्याला रिकामा परत पाठवला आणि गोठ्यात जाऊन पोटभर रडले. आणि आमच्या घरी आली ती फुई. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. ही आबांची बहीण, ह्यांची फुई, साठीच्या आसपासची, दोंडाईच्याला दिलेली. दर आखाजीला माहेरी यायची, आणि येताना कापडात गुंडाळलेली आपली सळई आणायची. आठ गावांतली पोरं तिने डागली होती. हात हलका आहे, असं लोक म्हणायचे. तिने माझ्या मुलीला जवळ ओढलं, हनुवटी वर केली, डोळे बघितले आणि निकाल दिला, "मी शे ना. आखाजी व्हवू दे, दुसरा दिन डागी टाकसू. पोटमानं भ्याव बठ्ठं निंघी जाई." बठ्ठं म्हणजे सगळं.

मुलगी हे ऐकून उठली, कोपऱ्यात गेली, आणि तिच्या पायांतून पाण्याची धार वाहत आली.

मी ह्यांना सांगितलं, मला डागलंय, मला माहीत आहे, नको. हे म्हणाले, मग तुझी भीती गेली ना? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आखाजीच्या दिवशी दुपारनंतर बार असतो. हे आमच्याच भागातलं आहे, बाकी कुठे फारसं नसावं. आमच्या गावच्या बायका नदीच्या अलीकडे, पलीकडच्या गावच्या बायका पलीकडे. नदी तेव्हा कोरडी, नुसती वाळू आणि गोटे. आधी शिव्या. वर्षभर जिच्या तोंडातून 'अगं' निघत नाही ती बाई त्या दिवशी कमरेला पदर खोचून पलीकडच्यांच्या सात पिढ्या उद्धरते. डफ वाजत असतो, पुरुष लांब काठावर बसून ऐकतात आणि त्यांना त्या दिवशी बोलायचा हक्क नसतो. "तुमना गावना नवरदेव देखीसन म्हैस बी रडस," असं पलीकडून आलं की अलीकडून त्याच्या दुप्पट जायचं. शिव्या संपल्या की वाळू, वाळू संपली की गोटे, आणि मग दोन्हीकडच्या बायका पात्राच्या मध्ये येऊन एकमेकींच्या झिंज्या धरतात. दरसाल कोणाचं डोकं फुटतं, कोणाचा दात पडतो. दुसऱ्या दिवशी त्याच बायका एकमेकींना बाजारात भेटतात आणि पान देतात.

सासुरवाशिणी त्या दिवशी बहुधा आपापल्या माहेरच्या नदीवर असतात. मी आमच्या गावचा बार कधी पाहिला नव्हता. फुईने माझा हात धरला. "चाल वं, आते तू बी आमनीच शे." मुलीला मी बोटाला धरून नेलं, कारण तिला घरात एकटी ठेवायची माझी छाती नव्हती. काठावर एका दगडाआड तिला बसवलं.

शिव्या मला जमेनात. तोंडच उघडेना. माझ्या शेजारी साठीची फुई असं असं बोलत होती की मी वितळून वाळूत जावं. मग गोटे सुरू झाले. एक माझ्या कपाळावर, भुवईच्या वर बसला. डोळ्यात रक्त उतरलं. दुखलं असं मला आठवतच नाही. मला इतकंच आठवतं की त्या क्षणी मला कोणीतरी परवानगी दिल्यासारखं झालं. मी धावले. पलीकडची एक दांडगी बाई समोर आली, तिचं मी नावही जाणत नव्हते. तिच्या केसांत मी दोन्ही हात घातले, तिला वाळूत पाडली आणि तिच्या उरावर बसून मारत सुटले. धुरी देणारीला मारलं, भगताला मारलं, ह्यांना मारलं, माझ्या काकाला मारलं. ती बाई आधी हसत होती, कारण बारात हसत हसतच मारतात. मग ती हसायची थांबली. तिच्या ओठातून रक्त आलं तरी माझा हात थांबेना. आमच्याच चार बायकांनी मला ओढून काढलं. मला मारायला आवडलं होतं. हे मी लपवणार नाही.

फुईचं डोकं फुटलं होतं आणि ती खूश होती. बायका डफ वाजवत गावाकडे निघाल्या. मी वाळूत खणलेल्या झिऱ्यावर तोंड धुवायला बसले. मुलगी जवळ आली. कितीतरी दिवसांत ती आपण होऊन माझ्याजवळ आली नव्हती. मला वाटलं, इतकं रक्त, इतकी मारामारी बघून हिचा जीवच जाईल. पण तिने माझ्या कपाळाला बोट लावून पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"माय, तुले मारता येस?"

"येस ना."

"मंग सकाय मारशी का?"

उद्या कोणाला मारायचं, मला कळेना. मी विचारलं, "कोनले?"

"माले धरतीन त्यासले. आबाले, भाऊले, फुईले." बापाला ती भाऊ म्हणायची. ती हळू बोलत होती, कोणी ऐकू नये अशी. "माले गोऱ्हानासारखं बडवतीन ना. आबानी सांगेल शे, आखाजीले मनी बारी. मी मस्ती सोडी दिधी. जेवनं बी सोडं, म्हंजे मोठी व्हवाव नही. तरी करतीनच."

दोर तिने विहिरीत टाकले होते. मुसळ वैरणीच्या गंजीत खोल खुपसलं होतं. थंडीपासून वैशाखापर्यंत माझं पोर रोज आखाजीचे दिवस मोजत होतं, आणि आम्ही तिला ते हौसेने मोजून देत होतो. मी तिला पोटाशी धरलं आणि मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडण्याची वेळ वाळूत होऊन गेली होती.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून वाईटही वाटलं त्यांना. मग म्हणाले, "तिले समजाडी सांग, आसं काही नही ऱ्हास. पन डाग ते देनाच पडी. पोटमा भ्याव शे ते शेच ना. फुई काय रोज रोज येस का?" म्हणजे भीती कशाची ते कळलं, आणि तरी सळई ठरलेलीच. भीतीचं कारण आणि भीती या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू होत्या. मी गंजीत हात घालून मुसळ काढून आणलं.

सकाळी फुईने चुलीत सळई घातली. कपाळाला तिने हळदीची चिंधी बांधली होती, माझ्याही कपाळाला तशीच होती. आबा ओट्यावरून आत आले, सालदार आला. हे मुलीला घ्यायला कोपऱ्याकडे निघाले. मी मध्ये उभी राहिले. डोक्यावरचा पदर कधी पडला, मला कळलं नाही.

"जो हिले हात लाई, त्याना हात मी मोडसू," मी म्हटलं. मी हे भिंतीला सांगितलं नाही, आबांच्या तोंडाकडे बघून सांगितलं.

ह्यांना वाटलं, बारातला ताव अजून उतरला नाही. जरासे हसले आणि माझ्या बाजूने हात घालून मुलीचं मनगट धरायला गेले. मी मुसळ मारलं. दोन्ही हातांनी, होतं तेवढ्या जोराने. हाड मोडल्याचा आवाज घरातल्या सगळ्यांनी ऐकला. हे खाली बसले, ओरडले नाहीत, नुसते आपल्या हाताकडे बघत राहिले, तो हात भलत्याच जागी वाकला होता. सालदार दारातून मागे सरला. मी मुसळ परत उचललं. आबा एक पाऊल पुढे आले असते तर मी त्यांचं डोकं फोडलं असतं. ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असणार, ते जागचे हलले नाहीत.

"आबा, तुम्हीच सांगं व्हतं तिले," मी म्हटलं. "गोऱ्हा बडवताना. आखाजीले तुनी बारी."

आबांना आठवेना. खरंच आठवेना. त्यांनी सालदाराकडे पाहिलं. सालदाराने मान हलवली, म्हणजे हो, बोलला होतात.

"ती गंमत करी व्हती मी," आबा म्हणाले. "बठ्ठा पोरेसले मी आसंच म्हनस."

चुलीपाशी फुई उभी होती. सळई तिने बाहेर काढली होती, टोक लाल होतं. तिने मला बाजूला हो म्हटलं नाही. ती होती तिथूनच खाली वाकली आणि माझ्या पायांमागे दडलेल्या पोरीला विचारलं, "तुले काय वाटनं वं माय, आम्ही काय करसूत?"

इतक्या महिन्यांत कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न. मुलगी म्हणाली, "दोर बांधशात. मुसळवर ठेवशात. मंग मी बैल व्हई जासू."

कोणी हसलं नाही. आबांनी भिंतीचा आधार घेतला. फुई तशीच वाकलेली राहिली, मग चुलीपुढे बसली. बसली ती बराच वेळ सळईकडे बघत. टोक लालाचं काळं झालं.

"मी लहानी व्हतू तव्हय दुष्काळ व्हता," ती म्हणाली. आबांना सांगत होती की स्वतःला, कळत नव्हतं. "लोके झाडपाला खायेत. माले डागाले सळई तपाडी, ते माले वाटनं, बठ्ठा माले भाजीसन खातीन. मना मायबाप." तिने सळई पाण्याच्या हंड्यात बुडवली. ती थंडच झाली होती, फारसा आवाजही झाला नाही. "हाई मी आज पहिल्यांदा सांगस."

त्या दिवशी ह्यांना गाडीत घालून हाड बसवणाऱ्याकडे नेलं. हात जुळला, पण वाकडाच जुळला. जन्मभर कोणी विचारलं की सांगायचे, बैलाने मारला. मला त्यांनी त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. उलट पुढे कधी कधी भांडणात मी जास्त बोलले की ते तो हात मांडीवर ठेवायचे, वाकडी बाजू वर करून, आणि मी गप्प बसायची.

मुलगी लगेच बरी झाली असं कोणी समजू नये. भीती म्हणजे काही काटा नाही, काढला आणि झालं. ती रोज सकाळी ओट्यावर जाऊन आबांपुढे उभी राहायची. बोलायची नाही, नुसती उभी. आबा म्हणायचे, "बेटा, तुनी बारी नही." मग ती जायची. पहिले काही दिवस आबा चिडायचे, रोज रोज काय तेच. मी आतून मुसळ आपटायची. पुढे ते चिडेनासे झाले. पेरण्या झाल्या, कापूस फुटला, तरी तिचं येणं चालू होतं. एक दिवस ती आली नाही, चिंचेवर होती, तर आबा काठी टेकत चिंचेखाली गेले आणि तिथून वर बघून म्हणाले, "बेटा, तुनी बारी नही." तिने वरून त्यांच्या डोक्यावर चिंचोके टाकले. आबा त्या दिवशी जेवताना रडले. गावातल्या कोणत्याही पोराशी त्यांनी पुन्हा तसली थट्टा केली नाही, आणि दुसऱ्या कोणी केली तर काठी उगारायचे.

फुईने डागणं सोडलं. पोरं घेऊन बाया तिच्याकडे आल्या तर म्हणायची, माझ्या भाच्याच्या बायकोकडे न्या, ती बघते. मी काय बघणार? ज्या बाईने नवऱ्याचा हात मोडला तिच्याकडे पोरं आणायची, याचं मला हसू यायचं. पण आणायच्या. मी पोराला शेंगा फोडायला द्यायची, कारण हात कामात असले की तोंड सुटतं, आणि त्याच्या आईला ओट्यावर पाठवायची. मग विचारायची, तुला काय होईल असं वाटतं? कोणाला वाटायचं, बाप सरकी काढायच्या जिनात कापूस घेऊन गेला की यंत्र त्याला ओढून घेईल. कोणाला वाटायचं, आईला नवं बाळ झालं की जुनं पोर नदीत सोडतात, कारण मावशी तसं हसत म्हणाली होती. बहुतेक वेळा त्या भीतीच्या बुडाशी घरातल्याच कोणाचं तरी वाक्य असायचं. ज्याचं वाक्य त्याला बोलावून परत घ्यायला लावायची, रोज, पोर कंटाळेपर्यंत. काही पोरं बरी व्हायची, काही नाही. एकाला मिरगी होती, त्याला धुळ्याच्या दवाखान्यात पाठवला. मला दुसरं काही येत नव्हतं.

पुढच्या आखाजीला मी मुलीला घेऊन माहेरी गेले. धुळ्याच्या पलीकडे आमचं गाव. आई थकली होती, पण सांजोऱ्या तिनेच लाटायला घेतल्या. आंघोळीच्या वेळी माझ्या मुलीने माझ्या पोटावरचा डाग हजारदा पाहिला होता, कोणी धरलं होतं तेही मी तिला सांगितलं होतं. तिने सांजोरी हातात घेतली, आजीच्या समोर बसली आणि विचारलं, "आजी, तू मनी मायना पाय काबरं धरात?"

आईचं लाटणं थांबलं. मी तिला कधीच विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं.

"माले वाटनं," आई म्हणाली, "मी धरसू ते कमी दुखी."

मुलगी माझ्याकडे वळली. "माय, कमी दुखं का?"

हो म्हणणं सोपं होतं. म्हातारीला बरं वाटलं असतं आणि सणही गोड झाला असता. पण पोरीला मी खोटं बोलणार नाही, असं मी त्या झिऱ्यावर ठरवलं होतं.

"पोटना डाग भरी गया," मी म्हटलं. "पाय आखो दुखतस."

आईने पिठाचे हात लुगड्याला पुसले, तेलाची वाटी घेतली, माझे दोन्ही पाय आपल्या मांडीवर ओढले आणि घोट्यापासून चोळायला लागली. मी ओढून घेतले नाहीत. मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. हातातली सांजोरी ती खात नव्हती, आजीच्या हातांवर नजर ठेवून होती.